सांता पॉड: पाव मैलाचा नाद

इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहायला आल्यापासून उन्हाळ्यातले आमचे बरेच रविवार सांता पॉडला, म्हणजे इथल्या ड्रॅग रेसिंगच्या ट्रॅकवर जातात. दुसऱ्या महायुद्धात इथे पॉडिंग्टनला अमेरिकन बी-१७ बॉम्बरचा तळ होता, त्याच्याच मुख्य रनवेवर १९६६ च्या ईस्टरला ड्रॅग रेसिंग सुरू झालं आणि आजतागायत चालू आहे. दोन गाड्या, सरळ पाव मैल, हिरवा लाईट लागला की सुटायचं. आपल्याकडे घाटात बैलगाडा सेकंदावर पळतो ना, अगदी तसलाच नाद, आणि तसंच आजोबांपासून नातवापर्यंत अख्खं घर एका गाडीमागे!

मला सगळ्यात भारी वाटतात ते इथले पिट्स, म्हणजे टीम आपापल्या गाड्या तयार करतात ती जागा. तिकीट काढलं की थेट टीमच्या तंबूपर्यंत जाता येतं. टॉप फ्युएल म्हणजे सगळ्यात वेगवान गाड्यांचा वर्ग, दहा हजार हॉर्सपॉवरच्या वरचं इंजिन, ते रन मारून आलं की लगेच उघडतात, तेल काढ, क्लच काढ, पिस्टन बघ, आणि पुढच्या राऊंडला उभं राहायचं म्हणून सगळे घड्याळाकडे बघत भराभर परत जोडत असतात, आपण शेजारी उभं राहून बघायचं. मग इंजिन चालू करून बघतात तेव्हा नायट्रोमिथेन या इंधनाच्या वासाने डोळ्यांतून पाणी येतं, छाती हादरते, तरी कोणी जागचं हलत नाही.

आणि हे फक्त मोठ्या टीमचं नाहीये. रन व्हॉट या ब्रंगच्या दिवशी कोणीही आपली रोजची गाडी घेऊन लाईनीत लागू शकतो, रन संपला की टाईमस्लिप, म्हणजे वेळेची चिठ्ठी मिळते, लाईट लागल्यावर सुटायला किती वेळ घेतला तेही त्यावर छापलेलं असतं. ब्रॅकेट रेसिंगमध्ये तर आपण किती सेकंदात जाऊ ते आधी सांगायचं, हळू गाडीला तेवढा आधी स्टार्ट मिळतो, त्यामुळे घरच्या गॅरेजात बांधलेली जुनी फोर्डसुद्धा महागड्या गाडीला हरवते. आठ वर्षांपासूनच्या पोरांना ज्युनिअर ड्रॅगस्टर आहेत, तिथे मुली पण जोरात असतात, आईबाप गाडी ढकलत स्टार्टपर्यंत नेतात, ते बघायला मला फार आवडतं.

इंग्लंडचा पाऊस मात्र छळतो. ट्रॅक ओला झाला की रेस बंद, सुकवायची मशीनं फेऱ्या मारत राहतात आणि लोक चहा पीत तासन् तास थांबतात.

मे अखेरीस मेन इव्हेंट असतो, सप्टेंबरात युरोपियन फायनल्स. त्या सुमाराला इकडे येणार असाल तर कळवा, पोरांच्या कानांसाठी जास्तीचे इअर डिफेंडर आहेत आमच्याकडे.