सागवानी खिडकी: काचांचा टप्पा

झडपांचं सुतारकाम उरकलं, पतामातली, म्हणजे काच बसते त्या खाचेतली, जुनी वाळकी लांबीही (काच पक्की करणारी पुटी) खरवडून काढली. आता काचा. बेळगावातल्या शहापूरच्या घराची ही खिडकी पश्चिमेला, म्हणजे पावसाळाभर झोड थेट अंगावर.

दुकानात माप देताना ते खाचेचं की काचेचं, हे स्पष्ट सांगा. मी खाच मोजून उंचीला आणि रुंदीला एकेक सूत, म्हणजे साधारण ३ मिमी, कमी करून दिलं. सागवान कमी फुगतं, पण बेळगाव-खानापूरच्या पावसात फुगतंच, आणि ठासून बसवलेली काच कोपऱ्यातून तडकते. दोन्ही कर्णही मोजा. जुनी झडप काटकोनात सापडली तर नशीब समजा.

जाडी ४ मिमी. चौरस मीटरला दर मिमीमागे अडीच किलो धरा: ४ मिमीचे १०, ६ मिमीचे १५. जुन्या बिजागऱ्यांवर १५ नकोत. घरात लहान मुलं, म्हणून खालच्या खणांना टफन, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली काच. ती भट्टीतून आली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणून वाकड्या खणांचे हार्डबोर्डचे नमुनेच कापून दिले.

बाकीच्या काचा दुकानातल्या काकांनी समोर कापल्या. हिरकणी, म्हणजे काच कापायचं हत्यार, रॉकेलमध्ये बुडवून एकदाच फिरवायची. तिने नुसता चरा पडतो, काच तुटते ती वाकवल्यावर. त्याच चऱ्यावरून परत फिरवली तर कड बिघडते आणि हिरकणीही.

वरच्या खणांतल्या जुन्या लहरी काचा मात्र ठेवल्या. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवण्याची रीत पिल्किंग्टनने १९५९ मध्ये जाहीर केली. आता दुकानात तीच फ्लोट मिळते, अगदी सपाट. लाटांमधून दिसणारं समोरचं चिंचेचं झाड मला सोडवेना.

"सिलिकॉन मारून मोकळा हो," असं सगळे सांगतात. नाही. त्यावर रंग धरत नाही, आणि पुढे काच काढायची वेळ आली की ती फुटूनच निघते. लांबीच बरी, खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून केलेली. पतामाला आधी प्रायमर मात्र हवाच, नाहीतर कोरडं लाकूड तेल ओढतं आणि लांबी भेगाळते.

एका झडपेची लांबी भरून झाली. वर साय धरली की रंग, काचेवर २ मिमी चढवून, म्हणजे फटीत पाणी शिरत नाही. वरच्या झरोक्याला पिनहेड, म्हणजे एका बाजूने बारीक ठिपक्यांची खडबडीत काच, घालायची आहे. खडबडीत बाजू आत ठेवणार, बाहेरची पुसायला सोपी पडते म्हणून. कुणी उलट बसवली असेल तर कळवा.