घर गहाण, तरी हप्ता आपल्याला

बाबा साखर कारखान्यातून निवृत्त झाले. ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतली पेन्शन औषधांनाही पुरत नाही. सांगलीच्या शामरावनगरातलं घर मात्र स्वतःच्या कमाईतून बांधलेलं, आई-बाबा दोघांच्या नावावर, कसलाही बोजा नसलेलं. दादा पुण्याला, मी कोल्हापूरला. आमच्याकडून महिन्याच्या महिन्याला पैसे घ्यायला बाबा तयार नाहीत आणि घर विकायलाही नाहीत. म्हणून रिव्हर्स मॉर्गेज: घर गहाण ठेवायचं, राहायचं तिथेच, आणि बँक महिन्याला हप्ता आपल्याला देते.

एका बँकेच्या शाखेत साध्या तारण कर्जाचा फॉर्म पुढे करून बाबांचं उत्पन्न विचारलं. उत्पन्न असतं तर आलो कशाला असतो? राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेची या योजनेची मार्गदर्शक तत्त्वं २००७ पासून आहेत, पण ती माहीत असलेला माणूस काउंटरवर गाठावा लागतो. आम्हाला तो दुसरीकडे भेटला. त्यांनी आधी वयं विचारली, कारण दोघांपैकी एकाने तरी साठी ओलांडलेली लागते. मग घर कोणाचं ते. स्वकष्टार्जित हवं आणि त्यात स्वतः राहत असायला हवं. बाबांनी मध्येच तासगावकडच्या आजोबांच्या घराचा विषय काढला, तो तिथल्या तिथे निकालात निघाला.

पुढचं गणित त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. घराची किंमत समजा ६० लाख. त्याचे ६० टक्के, म्हणजे ३६ लाख, ही कर्जाची मर्यादा. १५ वर्षांचे १८० महिने, मग महिना २० हजार असं कुणालाही वाटेल. पण त्या ३६ लाखांतच व्याजही बसवायचं असतं. १० टक्के दराने महिन्याला येतात साधारण ८,७००. म्हणजे १५ वर्षांत हातात साडेपंधरा लाख, उरलेले वीस लाख व्याजाचे. आवर्ती ठेव उलटी फिरवल्यासारखं. मुदत २० वर्षं केली तर हप्ता पाच हजारांच्याही खाली येतो.

दादा फोनवर तडकला, "एवढ्यासाठी घर गहाण टाकायचं?"

बाबा म्हणाले, "माझ्या पेन्शनच्या दुपटीहून जास्त आहे ते."

आईला एकच विचारायचं होतं. "आमच्या माघारी हे पोरांच्या डोक्यावर बसणार का?" नाही बसत. दोघांपैकी जो मागे राहील तो त्याच घरात राहतो. मुदत संपली की हप्ते थांबतात, राहणं नाही. व्याज मात्र चढत राहतं. दोघांच्या पश्चात आधी वारसांना विचारतात, कर्ज फेडून घर घेता का. नाही घेतलं तर बँक विकते आणि वर उरेल ते वारसांचं. घर कमी किमतीला गेलं तरी तूट वारसांकडून मागता येत नाही. हे शेवटचं वाक्य आईने साहेबांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.

वेळ खाल्ला तो कागदांनी. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यांनी पाडून विकलेल्या जमिनीतला. २००१ च्या कायद्याखाली तो नियमित झाल्याचा दाखला बाबांनी एलआयसीच्या पॉलिसींबरोबर जपून ठेवला होता म्हणून निभावलं, नाहीतर बँकेच्या वकिलांनी फाइल तिथंच मिटली असती. मूल्यांकन करणारे आले ते खोल्या बघायच्या आधी विचारते झाले, "२०१९ च्या महापुरात पाणी कुठवर होतं?" बाबांनी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बोट ठेवलं. त्यांनी टेप लावून उंची मोजली, लिहून घेतली. किंमत निघाली ४८ लाख. हप्ता सात हजारांच्या आत.

मुलांची संमती कायद्याने लागत नाही, तरी सही करताना दादा पुण्याहून आला. सही झाल्यावरही कामकाजाच्या तीन दिवसांत माघार घेता येते, हे कळल्यावर तो जरा निवळला. हप्ता हे कर्ज असल्यामुळे त्यावर आयकर नाही. घरपट्टी, विमा आणि डागडुजी मात्र आई-बाबांनीच बघायची.

बँक ठरावीक वर्षांनी घराची किंमत पुन्हा काढते. तोवर आमच्या गल्लीतलं ड्रेनेज झालं तर भाव चढेल, असं बाबांचं म्हणणं. दादा म्हणतो, त्या भरवशावर हप्ता मोजू नका.