जेम्सटाउनची काचभट्टी: आधी अवशेष बघा

गेल्या शनिवारी आईला घेऊन रिचमंडहून जेम्सटाउनला गेले. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात इंग्रजांनी १६०७ मध्ये वसवलेली ही जुनी वसाहत. तासाभराचा रस्ता. एक गोष्ट आधीच सांगते. तिथे एकमेकांच्या जवळ, सारख्या नावाची दोन ठिकाणं आहेत. 'जेम्सटाउन सेटलमेंट' हे राज्य सरकारचं संग्रहालय. आपल्याला हवी ती मूळ जागा म्हणजे 'हिस्टॉरिक जेम्सटाउन'. नकाशात नाव नीट बघून टाका, आमचा अर्धा तास त्यातच गेला. तिकडे जाणाऱ्या कलोनियल पार्कवे या रस्त्यावर पेट्रोलपंप नाही, टाकी आधीच भरून घ्या.

काचभट्टी किल्ल्याच्या अलीकडे, सुमारे दीड किलोमीटरवर नदीकाठी आहे. शेजारी बांधलेल्या नव्या भट्टीवर कारागीर जुन्या वेशात काच फुंकून दाखवतात. आई पटकन म्हणाली, "अगं, ही तर आपली चुलीची फुंकणीच, नुसती लांब!" त्या दिवशी बरेच जण तेवढं बघून, खरेदी करून निघून गेले. मला याचं वाईट वाटलं, कारण खरा ऐवज बाजूच्या छपराखाली आहे.

नदीतल्या गोट्यांचे काळवंडलेले ढिगारे, एवढंच दिसतं. १९४८ साली पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी उत्खनन केलं, तेव्हा चार भट्ट्यांचे पाये मिळाले. मुख्य भट्टीत काच वितळायची. कच्चा माल भाजायला, काच वितळवायच्या मातीच्या मुशी भाजायला आणि तयार भांडी सावकाश निववायला बाकीच्या. गरम काच एकदम गार झाली तर तडकते, म्हणून ही शेवटची सोय. १६०८ मध्ये जर्मन आणि पोलिश कारागीर इथे आले. वाळू, राख, शिंपल्यांचा चुना आणि सरपणाला अख्खं जंगल, सगळं हाताशी होतं. तरी धंदा टिकला नाही. १६२१च्या सुमारास इटालियन कारागीर आणले, तोही प्रयत्न फसला. त्यांच्यातल्याच एकाने पहारीने भट्टी फोडली, असा संशय वसाहतीचा खजिनदार जॉर्ज सँडिस याने लिहून ठेवलाय.

अख्खं भांडं मात्र एकही सापडलं नाही. मिळाले ते हिरवट तुकडे, गळलेले थेंब, काचेचे तंतू. हिरवेपणा वाळूतल्या लोखंडाचा. इथे नेमकं काय घडवत होते, ते या थेंबांवरून आजही सांगता येत नाही. म्हणून आधी अवशेषांपाशी थांबा, मग फुंकणं बघा. कारागिराच्या नळीवरून खाली पडलेला थेंब तेव्हा वेगळाच दिसतो.

उन्हाळ्यात डास फार, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.