ते जाऊ दे, तुझं सांग

दिवाळीत दहा दिवस माहेरी होते आणि त्यातल्या सात-आठ रात्री तरी अण्णांबरोबर 'हॅपी व्हॅली' बघण्यात गेल्या. अण्णा म्हणजे माझे वडील, तेहतीस वर्षं पोलिसात, सहायक फौजदार म्हणून रिटायर झाले. पोलिसांवरचं काहीही लावलं की पाच मिनिटांत "हे असं नसतं" म्हणत उठून जायची त्यांची सवय. पंचनामा नाही, स्टेशन डायरी नाही, बंदोबस्त नाही, हिरो एकटाच गाडी घेऊन फिरतोय, कसले पोलीस हे. त्यामुळे मी फारशी आशा न ठेवताच लावली होती. (पुढे स्पॉयलर आहेत, अगदी शेवटापर्यंतचे. आणि विषय आत्महत्येचा आहे, तेव्हा आज मन थाऱ्यावर नसेल तर नंतर वाचा, किंवा टेलिमानसला 14416 वर फोन लावा, मराठीतही बोलतात.)

सिरीज बीबीसीची. 2014 ला पहिला सीझन, 2016 ला दुसरा, मग सात वर्षं गप्प आणि 2023 च्या जानेवारीत तिसरा, सहा-सहा असे एकूण अठराच भाग. सॅली वेनराइटनं लिहिलीय. इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशायरमधलं काल्डर नदीचं खोरं, हिरव्या टेकड्या, दगडी घरं, फोटोत बघितलं तर वाटेल इथं येऊन राहावं, पण आत ड्रग्जनं पोखरलेलं. 'हॅपी व्हॅली' हे नावच तिथल्या पोलिसांनी टोमण्यासारखं वापरलेलं आहे, हे सांगितल्यावर अण्णा पहिल्यांदा नीट टेकून बसले. ठाण्यातला माणूस असं नाव ठेवतो म्हणजे लिहिणारीनं ठाण्यात जाऊन ऐकलंय, असा त्यांचा हिशोब.

आणि मग पहिलाच सीन. एका प्रेमभंग झालेल्या, दारू प्यायलेल्या पोरानं स्वतःच्या अंगावर पेट्रोल ओतून घेतलंय, हातात लायटर, लहान मुलांच्या खेळायच्या मैदानात उभा. सार्जंट कॅथरीन केवूड (सारा लँकशर, काय बाई आहे ती) येते, येताना जवळच्या दुकानातून आग विझवायचा सिलिंडर मागून आणते आणि वर एक गॉगलपण, कारण पोरगा पेटला तर माझ्या भुवया का जाव्यात. हे ती सहकाऱ्याला अगदी कोरडेपणानं सांगते. अण्णा खदखदून हसले. आई किचनमधून विचारायला आली काय झालं म्हणून.

मग ती त्या पोराला स्वतःची ओळख सांगते. नाव कॅथरीन, वय 47, घटस्फोटित, बहिणीबरोबर राहते, बहीण हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर पडतेय, दोन मुलं, एक गेलंय, दुसरं बोलत नाही, आणि एक नातू आहे. झालं, तीस सेकंदांत सगळं घर उघडून ठेवलं समोर. पोरगा विचारतो, बोलत का नाही? आणि ती म्हणते, ते जरा गुंतागुंतीचं आहे, आपण तुझ्याबद्दल बोलू.

मी तिथं पॉज केलं. अण्णांना उच्चार कळत नव्हते (यॉर्कशायरची बोली मलाही सबटायटलशिवाय कळत नाही, खोटं का बोलू) म्हणून मी मराठीत सांगितलं, ती म्हणतेय ते जाऊ दे, तुझं सांग. अण्णा नुसतं "हं" म्हणाले.

माझ्या मते या अठरा भागांतली खरी गोष्ट त्या एका वाक्यात आहे. अनोळखी माणसाला वाचवायला ती स्वतःचं सगळ्यात दुखरं काढून हातात घेते, कामाची वस्तू असल्यासारखं वापरते, आणि काम झालं की परत खिशात. घरी मात्र तेच तिला कुणाशी बोलता येत नाही. तिच्या मुलीनं, बेकीनं, बलात्कारातून झालेल्या बाळाला जन्म दिल्यावर काही आठवड्यांतच जीव दिलाय, ते बाळ म्हणजे नातू रायन, तो आता आठ वर्षांचा. त्याला वाढवायला नवरा तयार नव्हता, लग्न मोडलं. ही डिटेक्टिव्ह होती, ते सोडून परत युनिफॉर्ममध्ये आली. आणि मुलगा डॅनियल का बोलत नाही ते नंतर कळतं, दुःखाच्या भरात ही त्याला म्हणालेली असते की तिच्याऐवजी तू जायला हवा होतास. असं वाक्य एखाद्या सिरीयलमध्ये आईच्या तोंडी घालायला हिंमत लागते, आपल्याकडे तर आई म्हटलं की विषयच संपला.

पोलिसी सिरीयलमध्ये सहसा काय असतं, हिरोचं कुणीतरी गेलेलं असतं म्हणून तो दारू पितो आणि केस भारी सोडवतो, म्हणजे दुःख हे त्याचं क्वालिफिकेशन. इथं तसं नाही. पहिल्या सीझनमध्ये तिच्या हाताखालची कोवळी कॉन्स्टेबल कर्स्टन ड्युटीवर मारली जाते, आणि तिला थोड्याच आधी कॅथरीननं झापलेलं असतं की लोकांना घाबरू नकोस, ठाम राहा. ते ओझं डोक्यावर. मग स्वतः मरता मरता वाचते इतका मार खाते, आणि घरी आल्यावर आपण बघतो ती वीरांगना वगैरे नाही, सगळ्यांवर डाफरणारी, बहिणीलाही नकोशी झालेली बाई. बघताना खरंच कंटाळा येतो तिचा. तो येऊ दिलाय, हे मला फार आवडलं.

दुसऱ्या सीझनचा शेवट मात्र मी झोपू न शकलेला. जॉन वॉड्सवर्थ नावाचा डिटेक्टिव्ह, साधा संसारी माणूस, लफड्यात अडकतो, बाई ब्लॅकमेल करते, हा तिला मारतो आणि चालू असलेल्या सिरीयल किलरच्या नावावर खपवायला बघतो, वर तपासही त्याच केसचा करतोय. शेवटी उघड होतं आणि तो पुलाच्या कठड्यावर जाऊन उभा राहतो. कॅथरीन पोचते. आणि म्हणते, मी याचं ट्रेनिंग केलेलं नाहीये, तू केलंयस ना? त्यानं केलंय. अशा लोकांशी काय बोलायचं, कसं बोलायचं, त्याचा कोर्स त्यानं केलाय. मग तोच तिला सांगायला लागतो, बोलतं ठेवायचं, धीर द्यायचा, ऐकून घ्यायचं. म्हणजे ज्याला वाचवायचंय तोच वाचवायचं कसं ते शिकवतोय आणि ती मन लावून शिकतेय. आणि तरी तो जातो.

कॅमेरा तिच्या तोंडावर. म्युझिक नाही का थांबलं काय ते मला आठवत नाही, मी उशीत तोंड घातलं होतं.

अण्णा म्हणाले, "ट्रेनिंग. आम्हाला कुणी दिलं? सगळं अंदाजपंचे."

मग बराच वेळ त्यांनी पुढचा भाग लावू दिला नाही. एडीबद्दल बोलत बसले. एडी म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, पोलीस लाइनीत वाढलेल्यांना सांगायला नको. विहीर, शेतातलं घर, रेल्वे, जिथं असेल तिथं जायचं, पंचनामा करायचा, पंच मिळत नाहीत, नातेवाईक रडतायत, त्यांचेच जबाब घ्यायचे. मला लहानपणीचं एवढंच आठवतं की काही दिवस अण्णा ड्युटीवरून आले की घरात न येता आधी मागच्या नळावर जायचे, आणि आई आम्हाला म्हणायची, आत्ता बाबांच्या मागं लागू नका. एडी होती हे मोठेपणी कळलं.

आणि लाइनीतच एक काका गेले होते तेव्हा. पोलीसच. मी सहावीत. काय झालं ते कुणी सांगितलं नाही, मोठी माणसं "अटॅक" म्हणत होती आणि पोरांना बरोबर माहीत होतं. काही महिन्यांनी काकूंनी क्वार्टर रिकामं केलं, टेम्पोत सामान भरताना तुळशीची कुंडी राहून गेली, आई कितीतरी दिवस त्या बंद दारापुढच्या तुळशीला पाणी घालायची. अण्णा आणि ते एकाच ठाण्यात. 2016 ला मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाल्याची बातमी आली तेव्हा अण्णा पेपर घडी करून ठेवत म्हणाले होते, "त्याला मिळायला पाहिजे होती." त्याला म्हणजे कुणाला हे आम्ही विचारलं नाही.

असो. तिसऱ्या सीझनबद्दल माझी तक्रार आहे. तो टॉमी ली रॉइस, बेकीच्या मरणाला कारणीभूत असलेला नराधम, शेवटी कॅथरीनच्याच किचनमध्ये स्वतःला पेटवून घेतो. पहिल्या सीनमधलं पेट्रोल असं शेवटी परत येतं, लिहायला छान आहे, मान्य. पण दुसऱ्या सीझनमध्ये जॉन आणि तिसऱ्यात हा, दोघांनाही कथेतून बाहेर काढायला आत्महत्याच वापरली, आणि बेकीच्या बाबतीत इतकं जपून हाताळलेली गोष्ट इथं जरा सोयीची होऊन बसते. अण्णांना हे पटलं नाही. त्यांच्या मते बरं झालं, केस वीस वर्षं चालली असती. कॅथरीन त्यानंतर बहिणीला फोनवर सांगते की जरा झटापट झाली, मीच जिंकले अर्थात, पण तुझं ते क्रोशाचं पांघरूण थोडं करपलंय, त्यावर मात्र आम्ही दोघंही हसलो.

शेवटच्या रात्री मी विचारलंच. अण्णा, तुम्ही कधी कुणाला असं खाली उतरवलंय?

म्हणाले, एकदा. पाण्याच्या टाकीवर चढला होता एक पोरगा, वीस-बावीसचा. खाली सगळं गाव जमलेलं, पोरं पिक्चरचे डायलॉग मारतायत, मोबाइल नव्हते तेव्हा म्हणून बरं. साहेब जिल्ह्याला मीटिंगला. अण्णा शिडीनं वर गेले, अर्ध्यातच दम लागला, वर पोचल्यावर काय बोलावं सुचेना. खिशात तंबाखूची पुडी होती.

"मग?"

"मग काय. म्हटलं, चुना आहे का रे तुझ्याकडं?"

त्यानं खिशातनं डबी काढून दिली. दोघांनी मळून खाल्ली. पाऊणेक तास बसले वर. काय बोललात विचारलं तर म्हणे, "त्यानं विचारलं तुम्हाला पोरं किती. म्हटलं दोन मुली. ते जाऊ दे, तुझं सांग."

आणि पुढं काय झालं त्याचं?

"उतरला की. आईबापाच्या ताब्यात दिला." अण्णांनी रिमोट शोधायला उशी उचलली. "पुढचं काय माहीत नाही, संध्याकाळी विसर्जनाचा बंदोबस्त होता. चुन्याची डबी मात्र माझ्याकडंच राहिली."