कितीचा झाला?

कोयनेच्या खोऱ्यात वाढलेल्या माणसाला जमीन हलली की काय करायचं हे शिकवावं लागत नाही. आधी उंबरा ओलांडायचा, अंगणात जायचं आणि मग शेजाऱ्याला हाक मारून विचारायचं, "कितीचा झाला?" रेडिओवर आकडा यायच्या आत गावात चार आकडे फिरलेले असायचे. पाटण तालुक्यातल्या आमच्या घरी माझ्या लहानपणी फळीवरची भांडी वाजणं यात नवल नव्हतं. पण आई कधीच त्याला सरावली नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ती चौदा वर्षांची होती. दीडशेच्या वर माणसं त्या पहाटे गेली. आमच्या घराची मागची भिंत पडली आणि पुढचे कित्येक महिने सगळे पेंढ्याच्या खोपीत झोपत होते, एवढंच तिनं आम्हाला सांगितलेलं. त्यापुढे ती कधी बोलली नाही.

त्यामुळे २०१९ च्या जूनमध्ये दादानं "आईला यलोस्टोन दाखवूया" म्हटलं तेव्हा मी त्याच्यावर चिडले होते. दादा-वहिनी अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला राहतात. यलोस्टोन या तिथल्या राष्ट्रीय उद्यानात वर्षाला दीड ते अडीच हजार भूकंप नोंदले जातात आणि ते नोंदणारं युटा विद्यापीठ दादाच्याच गावात आहे. बहुतेक धक्के माणसाला कळतही नाहीत, हे त्यानं आईला चार वेळा समजावलं. आई म्हणाली, "नाही कळले तरी भुईला कळतातच की."

पाच-सहा तास गाडीनं जाऊन आम्ही वेस्ट यलोस्टोनला उतरलो. तिथल्या खोलीचं एका रात्रीचं भाडं दादानं आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही. पहिले दोन दिवस गवे, धबधबे, रंगीत कुंडं आणि पार्किंगसाठी घिरट्या घालण्यात गेले. बिस्किट बेसिनच्या लाकडी वाटेवर आईचा एक छान फोटो आहे. तीच वाट २३ जुलै २०२४ ला जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटानं उडाली, सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. तो व्हिडिओ दादानं पाठवला तेव्हा मी फोटो काढून पुन्हा पुन्हा पाहिला. ओल्ड फेथफुल या गीझरजवळ, म्हणजे जमिनीतून उसळणाऱ्या गरम पाण्याच्या कारंज्याजवळ, शेकडो माणसं बाकांवर बसलेली, अंदाजे दीड तासानं फवारा उडाला, सगळ्यांनी फोन वर केले आणि पाच मिनिटांत बाकं रिकामी. सुंदर होतं, पण मला ते आवडलं नाही. आईला घाटाखालची तुरळची गरम पाण्याची कुंडं माहीत. तिथं माणसं अंघोळीला, गुडघे शेकायला येतात, घटकाभर बसतात. इथं तर पाण्यात बोटही घालायचं नाही आणि बसायलाही कुणाला सवड नाही.

तिसऱ्या दिवशी नॉरिसला गेलो आणि पुढचं सगळं तिथंच घडलं.

नॉरिस हा उद्यानातला सगळ्यात तापलेला भाग. १९२९ साली इथं भोक पाडलं, तेव्हा ८१ मीटर खोलीवर २०५ अंश तापमान लागलं. जमिनीतले मोठे तडे इथं एकमेकांना भेटतात, म्हणून इथलं काहीच स्थिर नाही. झरे एकाएकी गढूळ होतात, बंद पडतात, दुसरीकडे फुटतात. इथंच स्टीमबोट आहे, जगातला सगळ्यात उंच उडणारा जिवंत गीझर, ३०० फुटांच्याही वर. पण त्याला घड्याळ नाही. १९११ नंतर तो पन्नास वर्षं मोठा असा उडालाच नाही. मग १९६४ मध्ये एकाच वर्षात २९ वेळा उडाला. पुन्हा लांबच लांब झोप. मार्च २०१८ मध्ये तो परत जागा झाला आणि आम्ही गेलो त्या २०१९ मध्ये तर तब्बल ४८ वेळा उडाला.

वरच्या फळ्यांवर एक म्हाताऱ्या अमेरिकन बाई घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर वही, खांद्याला वॉकीटॉकी. गीझरच्या दोन तोंडांतून मधूनमधून दहा-वीस फुटांचे छोटे फवारे उडत होते. त्या प्रत्येकाची वेळ त्या लिहीत होत्या. चार दिवसांपूर्वी मोठा उडालाय, आज उडेल, उद्या उडेल, नाहीही उडणार, असं त्यांनी सांगितलं. आई उभी आहे हे पाहून त्या उठल्या, खुर्ची आईपुढे सरकवली आणि स्वतः फळ्यांवर बसल्या. आईनं नको नको केलं, मग बसली. थोड्या वेळानं पिशवीतून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी काढून त्यांच्या हातावर ठेवली. इतक्या मोठ्या देशात आम्हाला पाहुण्यासारखं वागवलं ते त्या बाईंनी, त्यांचं मला नावही माहीत नाही.

आम्ही सात तास बसलो. लोक येत, "कधी उडणार?" विचारत आणि पाच मिनिटांत जात. एक जोडपं तर फोटोसाठी कठड्याखालून पलीकडे उतरलं. माझं डोकं फिरलं. याच नॉरिसमध्ये २०१६ च्या जूनमध्ये वाट सोडून गेलेला एक तरुण उकळत्या आम्लाच्या पाण्यात पडून गेला. इथलं जमिनीचं कवच वरून दगडासारखं दिसतं, खाली ते पापडाएवढं असू शकतं. मी ओरडायच्या आत आई खुर्चीतून उठून मराठीतच कडाडली, "माघारी फिरा!" त्यांना भाषा कळली नसेल, पण ते फिरले.

मी आईला २०१४ च्या मार्चमधला धक्का सांगितला, नॉरिसजवळचाच.

"कितीचा?"

"चार पूर्णांक आठ."

"मग बराच म्हणायचा."

वहिनी आत काय होतं ते समजावत होती. खोल पाण्यावर वरच्या पाण्याचा भार असतो, म्हणून ते शंभर अंशांच्या पुढे तापूनही उकळत नाही. वरचं थोडं पाणी उडून गेलं की भार हलका होतो आणि खालचं सगळं एका झटक्यात वाफ होऊ लागतं. आई ऐकत होती की नाही कोण जाणे. तिचे डोळे त्या दोन तोंडांवरच होते.

संध्याकाळी एक फवारा उडाला आणि थांबला नाही. बाई ताडकन उभ्या राहिल्या. दोन्ही तोंडांतून पाणी एकदम वर चढलं, उतारावरून लोंढे निघाले. मग पाणी वर जातंय तर जातंयच. आवाज कानांनी ऐकायच्या आधी तळपायांना कळला. फळ्या हादरत होत्या.

आईचा एक पाय मागे वळला. मला तो पाय ओळखीचा आहे. तो उंबरा शोधत होता. मी तिचा दंड धरला, तिनं माझा हात. पण पळायचं कुठं? आम्ही उघड्यावरच होतो. वर भिंत नाही, तुळई नाही, नुसतं आभाळ आणि त्यात झाडांच्या कितीतरी वर गेलेला पांढरा खांब. गार झालेलं पाणी आमच्यावर पावसासारखं पडत होतं. बारीक खडे पायाशी येत होते. हळूहळू तिचा पाय पुन्हा पुढे आला. पदर डोक्यावर घेऊन ती कठड्याशी गेली आणि पाणी संपून नुसत्या वाफेची गर्जना सुरू झाली तरी तिथून हलली नाही. बाई रडत होत्या आणि एका हातानं वहीत वेळ लिहीत होत्या. जाताना त्यांनी बजावलं, गाडीची काच लगेच पुसा, या पाण्यात सिलिका असते. आम्ही भारावलेलो, विसरलो. ते डाग दादाच्या काचेवरून कधी गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी क्वेक लेक पाहिलं. १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री ७.३ च्या भूकंपात डोंगर कोसळून मॅडिसन नदी अडली, २८ माणसं गेली. तळ्यात अजून वाळलेली झाडं उभी आहेत. इथं भूकंपानं धरण बांधलं, आमच्याकडे धरणाच्या पाण्यानं भूकंप आणला. दादा फोटो काढायला उतरला, आई गाडीतच बसली. नंतर म्हणाली, "काल होतं तिथं परत जाऊया."

म्हणून पुन्हा नॉरिस. स्टीमबोटमधून वाफ अजून येत होती. उताराखाली सिस्टर्न स्प्रिंग नावाचं निळंहिरवं कुंड आहे. आदल्या दिवशी ते काठोकाठ वाहत होतं. स्टीमबोट मोठा उडाला की या कुंडाचं पाणी ओसरतं, दोघांचं आतून नातं आहे. आता नुसता करडा खड्डा दिसत होता.

आई त्यात बराच वेळ बघत राहिली.

"आपली विहीर अशीच झाली होती," ती म्हणाली. "भिंत पडली त्या सकाळी मी कळशी घेऊन गेले, तर पाणी सगळं मातकट. आजीनं तेच गाळून सगळ्यांना पाजलं. आठ दिवसांनी निवळलं."

बावन्न वर्षांत विहिरीचं तिनं पहिल्यांदाच काढलं होतं. "आणि मग?" मी विचारलं. ती फळ्यांवरच मांडी घालून बसली आणि सांगू लागली.