यू-पिन

मंगळवार, रात्री

झोप येत नाहीये. कारण कळलं तर ताई म्हणेल, एवढंच? हो, एवढंच.

संध्याकाळी मी नानांच्या जुन्या कागदांचं खोकं घेऊन बसले होते. धाकटी मदतीला होती. मी म्हटलं, "ती यू-पिन दे गं." तिने स्टेपलरच्या पिनांची डबी पुढे केली. "ती नव्हे, तुझ्या गुडघ्यापाशी पडलीय ती." तिने उचलून उजेडात धरली. "ही होय? ही तर पेपर क्लिप. आणि यात यू कुठंय?"

खरंच, कुठंय? साधारण दहा सेंटीमीटर तार, तीन ठिकाणी वळवलेली. बाहेर एक लांब वळसा, आत एक लहान. यू म्हणायचेच तर एकात एक शिरलेले दोन. आणि पिन तर नव्हेच, पिन टोचते. धाकटीचं काहीच चुकलं नाही. मग मला एवढं का लागलं?

नानांचा शब्द होता म्हणून. असं लिहिलं की उत्तर सापडल्यासारखं वाटतं, पण दुसऱ्या क्षणी परत टोचतंच. नानांचे कितीतरी शब्द आम्ही सहज सोडून दिले, तेव्हा नाही काही वाटलं.

त्यांना टाचणी आवडायची नाही. कागदाला भोक पाडायचं नाही, हा त्यांचा नियम. बिलं, आमची प्रगतिपुस्तकं, पत्रं, सगळ्याला यू-पिन. "पिन मारू नकोस, यू-पिन लाव." टाचणीचं बरं आहे, तिला टाचणे आहे, टाचण आहे, सगळं गोत आहे. यू-पिनला काय, नुसतं 'लाव'. ती काही मारायची नसते, खुपसायची नसते. कागद थोडे सरकवून तिच्या दोन वळशांमध्ये द्यायचे. ताणलेली तार मूळ जागी यायला बघते, त्या ओढीनेच कागद धरून ठेवते. काढली की कागद जसेच्या तसे. नानांना हेच आवडत असणार.

पण जसेच्या तसे राहिले नाहीत. प्रत्येक गठ्ठ्यावर गंजाचा तांबूस ठसा आहे, दोन्ही वळशांसकट. दमट हवेत लोखंड गंजलं आणि त्याखालचा कागद कुरकुरीत झाला. एका पत्राचा कोपरा माझ्या हातातच तुटून आला. ते पत्र कुठलं, ते आज नको. ज्या माणसाने जन्मभर कागदाला भोक पडू दिलं नाही, त्याच्याच पिनांनी कागद खाल्ले. जुने दस्तऐवज जपणारे म्हणे सगळ्यात आधी या पिनाच काढतात. हे नानांना कुणी सांगितलं कसं नाही? मी का नाही सांगितलं?

आणि वर हे नावाचं. माणूस गेला की त्याचे शब्दही एकेक करून दुरुस्त होतात, आणि घरात कुणालाच त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. माझ्या एकटीलाच.

रात्री उठून वाचत बसले. नाव नक्की काय, ते एकदा बघावं म्हणून. तर याला जेम क्लिपही म्हणतात. या आकाराचं पेटंट कधी कुणी घेतलंच नाही. 1899 मध्ये अमेरिकेत विल्यम मिडलब्रुकने पेटंट घेतलं, तेही ती बनवायच्या यंत्राचं. स्वीडिश लोक तिला नुसतं 'गेम' म्हणतात आणि नॉर्वेत ती 'बिंडर्स'.

नॉर्वेचं वाचून मात्र मी थबकले. तिथे पुष्कळांना वाटायचं, ही आपल्या योहान वोलरने शोधली. त्याला 1901 मध्ये जर्मनीत पेटंट मिळालंही होतं, पण त्याच्या क्लिपला आतला वळसाच नव्हता. 1989 मध्ये ऑस्लोजवळ सुमारे 7 मीटर उंचीची क्लिप उभारली, 1999 मध्ये टपाल तिकीट काढलं. दोन्हींवर आकार जेमचा. पण त्याच्या कितीतरी आधी, 1940 मध्ये, देश नाझींच्या ताब्यात असताना लोक कोटाच्या कॉलरला ही क्लिप लावून हिंडत होते. आम्ही एकमेकांना धरून आहोत, एवढंच सांगायला. पुढे त्यावर बंदी आली. त्या माणसांना वोलरशी काही देणंघेणं नव्हतं. हे वाचताना डोळे भरून आले आणि छातीवरचं काहीतरी उतरलं.

मघाशी धाकटी येऊन एक पिन मागून गेली. फोनचं सिमकार्ड काढायला टोक हवं होतं. तिने ती सरळ केली, पण तार पुरती सरळ होत नाही, वळणाच्या जागी थोडा बाक राहतोच. काम झाल्यावर तिने ती माझ्यापुढे आणून ठेवली, टाकली नाही. त्या खोक्यातली आहे हे तिच्या लक्षात होतं. मी काही बोलले नाही. सकाळी बोलेन.

सगळ्या काढल्या. एकूण त्रेचाळीस निघाल्या. पत्रं कोऱ्या कागदात गुंडाळून पाकिटात घातली आणि वर पेनाने लिहिलं: 'नानांची पत्रं. यू-पिना काढल्या आहेत.' शेजारी कंस करून पेपर क्लिप लिहायला हात गेला होता. नाही लिहिलं.