गोळी घेतली, तारीख उलटली आणि पाळी काही येईना

कंडोम फाटला होता. आम्हा दोघांच्या ते लगेच लक्षात आलं, त्यामुळे उगाच वाट न बघता दुसऱ्या दिवशी सकाळीच मी इमर्जन्सी गोळी घेतली, लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची, एकच गोळी असते ती. ७२ तासांच्या आत घ्यायची असते आणि जितकी लवकर तितकी चांगली एवढं मला माहीत होतं, त्यामुळे गोळी पोटात गेली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. खरा त्रास सुरू झाला तो नंतर, आणि मी हे लिहितेय ते त्या नंतरच्या दिवसांबद्दलच, कारण तेव्हा मला कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं होतं.

पहिले एकदोन दिवस मळमळ, डोकं जड, छाती दुखरी. (उलटी झाली नाही. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर परत डोस घ्यावा लागतो, त्यामुळे तेवढा वेळ मी नुसती घड्याळाकडे बघत बसले होते.) मग काही दिवसांनी थोडे डाग दिसले, तपकिरी, अगदीच कमी. मला वाटलं आली पाळी, सुटलो, त्यालाही लगेच फोन करून सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी काहीच नाही. ती पाळी नव्हतीच, गोळीतल्या हार्मोनमुळे असं स्पॉटिंग होतं बऱ्याच जणींना, आणि ते पाळी म्हणून मोजायचं नसतं हे मला नंतर कळलं. उलट सांगायचं तर स्पॉटिंग झालं म्हणजे गोळी लागू पडली असंही नसतं आणि नाही झालं म्हणजे फेल गेली असंही नसतं.

मग ठरलेली तारीख आली आणि गेली. माझी पाळी एरवी एकदम वेळेवर असते त्यामुळे एकेक दिवस पुढे जायला लागला तशी माझी झोपच उडाली. दर थोड्या वेळाने बाथरूममध्ये जाऊन बघायचं, पोटात जरा कळ आली की आता येईल असं वाटायचं, मळमळलं की पोटात गोळाच यायचा, आणि रात्री जागून बाकीच्यांचे अनुभव वाचत बसायचं ज्यात एक बाई म्हणते मला काही झालं नाही आणि दुसरी म्हणते मी प्रेग्नंट राहिले, आणि आपण नेमकं दुसरीचंच धरून बसतो. लक्षणं तपासण्यात तर काही अर्थच नाही हो. छाती दुखणं, थकवा, मळमळ, ओटीपोटात ओढल्यासारखं होणं, हे सगळं गोळीने पण होतं, पाळी जवळ आली की पण होतं आणि दिवस गेल्यावर पण होतं. त्यावरून काहीही ठरवता येत नाही.

घरी किट आणून टेस्ट केली, एकच लाइन आली, निगेटिव्ह. पण त्यावरही विश्वास बसेना. शेवटी डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी लेक्चर दिलं नाही, कसले भलते प्रश्न विचारले नाहीत, कागद घेतला आणि पहिलाच प्रश्न केला, "संबंध आला ती तारीख सांग." मी पाळीची तारीख सांगायला लागले तर म्हणाल्या, ती पण लिहिते, पण टेस्टसाठी मला संबंधाची तारीख हवी.

मग त्यांनी जे समजावलं त्याने माझं अर्धं टेन्शन तिथेच उतरलं. ही गोळी काम करते ती मुख्यतः बीज बाहेर पडणं पुढे ढकलून. बीज बाहेर पडल्यावर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते, म्हणजे बीजच उशिरा बाहेर पडलं तर पाळी पण उशिराच येणार ना. गोळीने तिचं काम केलं म्हणूनही पाळी लांबू शकते! हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. मी लांबलेली पाळी म्हणजे वाईट बातमी असंच धरून चालले होते. बहुतेक जणींची पाळी ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर मागेपुढे येते, काहींची तर लवकर येते. आठवड्याच्या वर गेली तर मात्र टेस्ट करायचीच, ती टाळायची नाही.

आणि टेस्ट कधी? त्या संबंधापासून २१ दिवस झाल्यावर. त्याच्या आधी निगेटिव्ह आली तर ती पक्की धरता येत नाही, कारण किट जे हार्मोन पकडतं ते गर्भ पिशवीत रुजल्यावरच तयार व्हायला लागतं. माझी पहिली टेस्ट त्याआधीची होती म्हणून मॅडम म्हणाल्या परत कर, सकाळच्या पहिल्या लघवीची कर, आधी खूप पाणी पिऊ नको, आणि पाकिटावर जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढ्याच वेळात बघ, नंतर कचऱ्यातून काढून परत बघत बसू नको. दुसरी लाइन फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच धरायची असते.

मी विचारलं, पाळी आणायची गोळी द्या ना. त्यांनी स्पष्ट नाही सांगितलं, आधी टेस्ट, मग बाकीचं. स्वतःच्या मनाने गर्भपाताची गोळी घेऊ नको हे तर दोनदा बजावलं. मी भीतभीत हेही विचारलं की समजा दिवस राहिलेच असतील तर त्या गोळीने बाळाला काही होतं का, तर नाही, लेव्होनॉर्जेस्ट्रेलने आधीच राहिलेला गर्भ पडत नाही आणि त्याला अपाय झाल्याचंही दिसलेलं नाही. पुढे मूल होण्यावरही परिणाम होत नाही. हा प्रश्न मी किती रात्री मनात घेऊन फिरत होते काय सांगू.

मॅडमनी अजून दोन गोष्टी विचारल्या, फिटची किंवा टीबीची औषधं चालू आहेत का, आणि वजन किती. फिटची काही औषधं आणि टीबीचं रिफॅम्पिसिन यांनी या गोळीचा असर कमी होतो, वजन जास्त असेल तरी होऊ शकतो. अशा वेळी कॉपर टी हा सगळ्यात खात्रीचा उपाय, तो पाच दिवसांच्या आत बसवला तरी चालतो. हे मात्र गोळी घेताना कळलं पाहिजे, नंतर कळून काय उपयोग.

मधल्या दिवसांत आम्ही संबंध टाळले, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय. गोळी झालेल्या गोष्टीपुरती असते. बीज पुढे ढकललं गेलंय म्हणजे ते अजून बाहेर पडायचं आहे, त्यामुळे गोळी घेतलीय आता महिनाभर काळजी नाही असं समजणं फार धोक्याचं आहे.

२१ दिवस भरल्यावर परत टेस्ट केली. तो बाजूला बसला होता, दोघंही बोलत नव्हतो. निगेटिव्ह. त्या दिवशी मी पोटभर जेवले आणि झोपले. पाळी त्यानंतरही लगेच नाही आली, थोडे दिवस गेलेच, पण आता ते दिवस अंगावर येत नव्हते. आली तेव्हा नेहमीपेक्षा जास्त अंगावरून गेलं, गाठीही पडल्या, पोट चांगलंच दुखलं. पुढच्या महिन्यात परत वेळेवर.

मॅडमनी घरी चिकटवून ठेवायला सांगितलेलं एक सांगते. पाळी लांबलेली असताना किंवा नेहमीपेक्षा वेगळा रक्तस्राव होत असताना ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखायला लागलं, चक्कर येऊन पडायला झालं, खांद्याच्या टोकाशी दुखलं, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. तेव्हा किट आणत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.